शाळेच्या बागेत स्वयंसेवक म्हणून जाताना: पहिल्या वर्षाची तयारी

शाळेतल्या मुलांना भाजीपाला लावायला आणि नीट खायला शिकवावं असं मनात आलं, की बहुतेक जण पहिल्यांदा बियाणं आणतात. मीही तेच केलं होतं. सहा प्रकारच्या बिया आणल्या, सगळ्या पेरल्या, आणि टोमॅटो लालबुंद झाले ते नेमके सुट्टी लागल्यावर. ज्या तीस मुलांनी रोपं लावली, पाणी घातलं, आधाराच्या काठ्या बांधल्या, त्यांतल्या एकाच्याही तोंडात एक फोड पडली नाही. शाळा पुन्हा उघडली तेव्हा वाफ्यात वाळलेल्या काटक्या उभ्या होत्या. दुसरीतली एक मुलगी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आमचं झाड मेलं."

ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. तुमच्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय. शाळेतल्या बागेचा हंगाम जितका हवामान ठरवतं, तितकाच शाळेचं वेळापत्रक ठरवतं. एवढं पक्कं लक्षात ठेवून पुढे वाचा.

१. किती वेळ देणार, हे आधी स्वतःशी ठरवा

ही सेवा दोन प्रकारे होते. काही संस्था स्वयंसेवकाला अख्खं शालेय वर्ष शाळेत नेमतात आणि थोडं मानधनही देतात. अमेरिकेतल्या फूडकॉर्प्स या संस्थेने २०११ मध्ये असंच काम सुरू केलं. दुसरा प्रकार म्हणजे नोकरी किंवा घर सांभाळून आठवड्यातून एक-दोन तास जाणं. दोन्ही चांगले. पण आठवड्यातून एकदा जमणार असेल तर एकदाच म्हणा. मुलं तुमच्या वाराची वाट बघतात. दर आठवड्याला ठरल्या वेळी येणारा माणूस आधी उत्साहाने रोज येऊन महिन्याभरात दिसेनासा होणाऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

आठवड्याला एक तास शिकवायचं असेल तर तयारी, आवराआवर आणि पाणी धरून तीन तास हाताशी ठेवा.

२. शाळेत कुणाकुणाला भेटायचं

मुख्याध्यापकांची परवानगी लागतेच, आणि ती लेखी घ्या. मुख्याध्यापक बदलले तर तोंडी परवानगी त्यांच्याबरोबर जाते. पण परवानगी मिळाली म्हणजे बाग उभी राहिली असं होत नाही. बाग जगते ती दुसऱ्या तीन माणसांमुळे.

पहिल्या, वर्गशिक्षिका. त्यांचा तास तुम्ही घेणार आहात. त्यांना विचारा, "या सत्रात विज्ञानात आणि गणितात काय चाललंय?" वाफ्याचं क्षेत्रफळ काढणं, रोपाच्या उंचीचा आलेख काढणं, झाडाचे भाग ओळखणं हे त्यांच्या अभ्यासक्रमात बसलं, की तुमचा तास त्यांना अडचण वाटत नाही, मदत वाटते.

दुसरे, आवार सांभाळणारे शिपाईकाका किंवा सफाई करणाऱ्या मावशी. नळाची चावी त्यांच्याकडे असते, कुठे पाणी तुंबतं हे त्यांना माहीत असतं, आणि मुलांच्या पायांनी आत येणारा चिखलही त्यांनाच पुसावा लागतो. त्यांना आधी भेटा, दारापाशी पायपुसणं टाका, अवजारं रोज जागेवर ठेवा.

तिसऱ्या, शाळेत स्वयंपाक होत असेल तर तो करणाऱ्या ताई. बागेतली ओंजळभर पानं त्या दिवशीच्या जेवणात पडली तर मुलं ती अगदी वेगळ्या नजरेने खातात. मात्र स्वयंपाकघराचे स्वच्छतेचे नियम त्यांचे असतात. न विचारता काही नेऊन देऊ नका.

३. कागदपत्रं

ठिकाणानुसार नावं बदलतील, पण बहुतेक शाळा यांपैकी काही ना काही मागतातच:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- पोलीस पडताळणी किंवा चारित्र्य प्रमाणपत्र
- शाळेचं लेखी परवानगीपत्र, ज्यात वार, वेळ, इयत्ता आणि बागेची जागा नोंदलेली असेल
- प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं असल्यास त्याचं प्रमाणपत्र
- पालकांचं संमतीपत्र: बागेत काम करायला, पदार्थ चाखायला आणि फोटो काढायला अशा तीन वेगळ्या रकान्यांत
- कोणत्या मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, याची शाळेकडून मिळालेली यादी

पोलीस पडताळणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज सगळ्यात आधी करा. अ‍ॅलर्जीची माहिती मुलांना विचारून गोळा करू नका. सात वर्षांचं मूल शेजारच्याचं ऐकून हात वर करतं, आणि ज्याला खरंच त्रास होतो ते गप्प बसतं. यादी शाळेकडूनच घ्या आणि दर सत्राला नव्याने मागा.

आणखी एक नियम कागदावर नसला तरी पाळा: एकट्या मुलासोबत आडोशाला कधीही थांबू नका. अवजारांच्या खोलीत पाठवायचं असेल तर दोघा-दोघांना पाठवा, तुम्ही बाहेर उभे राहा. यात मुलंही सुरक्षित राहतात आणि तुम्हीही.

४. जागा बघताना

सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना अशा तीन वेळा जागेवर जाऊन ऊन कुठे पडतंय ते बघा. फळभाज्यांना रोज सहा ते आठ तास ऊन लागतं. पालेभाज्या तीन-चार तासांतही बऱ्यापैकी येतात. भिंतीच्या सावलीतली जागा मिळाली तर निराश होऊ नका, तिथे पालेभाज्या लावा.

मग नळापासूनचं अंतर पावलांनी मोजा. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन. आठ वर्षांच्या मुलाने दोन लिटरची झारी न सांडता नेली तरी खूप झालं. नळ दूर असेल तर बाग नळाजवळ आणा.

माती जुन्या इमारतीला लागून असेल तर सावध राहा. जुन्या रंगात शिसं असायचं, रंगाचे पोपडे पडून ते मातीत उतरतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक असतं. माती तपासून घेता आली तर उत्तम. नाही तर बाहेरून माती आणून साधारण ३० सेंटिमीटर खोलीचे उंच वाफे किंवा पिशव्या करा.

वाफा एक मीटरपेक्षा रुंद नको. मुलाचा हात आत फार तर अर्धा मीटर पोहोचतो, त्यापुढचं तण काढायला ते वाफ्यात पाय टाकतं आणि माती दाबली जाते. दोन वाफ्यांमधली वाट चाकाची खुर्ची जाईल इतकी, निदान ९० सेंटिमीटर ठेवा. आज वर्गात चाकाच्या खुर्चीवरचं मूल नसलं तरी पुढच्या वर्षी असू शकतं.

आणि लहान सुरुवात करा. पहिल्या वर्षी दोन मीटर लांबीचे दोन वाफे एका वर्गाला भरपूर होतात.

प्रत्येकाला स्वतःचा तुकडा द्यायचा की सगळ्यांची एकच बाग, हा प्रश्न लवकरच येतो. १८४० मध्ये जर्मनीत बालवाडीला 'मुलांची बाग' असं नाव देणाऱ्या फ्रोबेलने दोन्ही ठेवले होते: प्रत्येक मुलाचा छोटा वाफा आणि सगळ्यांचा मिळून मोठा. मला वाटतं, पहिल्या वर्षी सामाईकच ठेवावी. स्वतःचं रोप एकट्याचंच मेलं तर लहान मुलाला ते फार लागतं.

५. काढणीच्या दिवसापासून उलटं मोजा

शाळेचं वर्षाचं कॅलेंडर मागून घ्या. सत्र संपायच्या दोन आठवडे आधीच्या एखाद्या दिवसावर खूण करा. हा तुमचा काढणीचा दिवस. तिथून मागे मोजत या.

पेरणीपासून लहान गोल मुळा २५ ते ३० दिवसांत तयार होतो. पालक ४० ते ५०, घेवडा ५० ते ६०, वाटाणा ६० ते ७०, गाजर ७० ते ८० दिवस घेतं. टोमॅटोचं रोप लावल्यापासून ६० ते ८० दिवस लागतात, पण त्याआधी रोप तयार व्हायलाच पाच-सहा आठवडे गेलेले असतात. म्हणजे बी पेरण्यापासून पहिल्या फळापर्यंत तीन-चार महिने. माझं गणित चुकलं ते इथेच. टोमॅटोच्या पाकिटावर लिहिलेले दिवस मी बी पेरल्यापासून मोजले, ते असतात रोप लावल्यापासूनचे.

पाकिटावरच्या आकड्यात नेहमी १० ते १५ दिवस वाढवून धरा. थंडीत आणि दिवस लहान असताना वाढ आणखी मंदावते. शिवाय मधल्या परीक्षा, सहली आणि पावसाने बुडालेले तास काढून टाका. एवढं करूनही जे पीक सत्रात बसतं, तेच पेरा.

पहिल्या सत्रासाठी माझं ठाम मत: मुळा, पालक आणि घेवडा. मुळा कारण तो चौथ्या-पाचव्या दिवशी वर येतो आणि मुलांचा विश्वास बसतो. पालक कारण बाहेरची पानं तोडत राहिलं तर पुन्हा पुन्हा मिळतो. घेवडा कारण त्याचं बी मोठं असतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना गाजराचं बी दिलंत तर सगळी चिमूट एकाच जागी पडते, तेव्हा लहानांना मोठं बी आणि मोठ्यांना बारीक बी. बी किती खोल घालायचं? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. ही एक गोष्ट मुलं कधी विसरत नाहीत, कारण ती त्यांना बोटाने मोजता येते.

गाजर लावायचंच असेल तर त्याच ओळीत मधे मधे मुळ्याचं बी टाका. गाजर उगवायला दोन-तीन आठवडे घेतं आणि तोवर मुलं ओळ कुठे होती हेच विसरून तिथे चालतात. मुळा लगेच उगवून ओळ दाखवतो, आणि गाजराला जागा लागायच्या आत काढूनही होतो.

बी रुजतंय का हे बघायला मुलं माती उकरतातच. रागावू नका. वर्गात एक काचेची बरणी ठेवा, आत ओला कागद आणि काच व कागदाच्या मधे घेवड्याच्या चार बिया. तीन-चार दिवसांत मूळ दिसतं. मग बरणी आडवी करून ठेवायला सांगा. आमच्या तिसरीच्या वर्गात एका मुलाने शुक्रवारी बरणी आडवी केली. सोमवारी त्याने पाहिलं तर मुळांनी काटकोनात वळून पुन्हा खालची वाट धरली होती. तो वर्गभर सांगत सुटला, "त्याला कळतं! त्याला खाली कुठंय ते कळतं!" गुरुत्वाकर्षणाचा धडा त्याच्यासाठी त्या दिवशीच झाला.

बियाणं घेताना गुलाबी किंवा निळ्या रंगाचा लेप असलेलं घेऊ नका. तो बुरशीनाशकाचा असतो, मुलांच्या हातात ते बी देणं बरोबर नाही. तसंच कच्चं शेणखत नको. सेंद्रिय शेतीच्या अमेरिकी नियमात कच्चं खत घातल्यापासून मातीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीपर्यंत किमान १२० दिवसांचं, आणि न टेकणाऱ्या पिकासाठी ९० दिवसांचं अंतर सांगितलं आहे. आपली पिकं त्याच्या आतच निघतात, म्हणून पूर्ण कुजलेलं खतच वापरा. ते काळसर आणि भुसभुशीत असतं, त्याला जंगलातल्या ओल्या मातीसारखा वास येतो.

६. साहित्य

तीस मुलांसाठी दहा खुरपी, चार लहान झाऱ्या, दोन बादल्या, एक कुदळ आणि एक फावडं (ही दोन्ही फक्त तुमच्या हातात), एक घमेलं, मोजपट्टी, सुतळी, नावाच्या पाट्या, साबण आणि एक जाड वही. हातमोजे आणायचे तर लहान मापाचे, मोठ्या मोज्यांत मुलांना खुरपं धरता येत नाही.

७. तास कसा घ्यायचा

तीस मुलांना एकदम वाफ्यावर नेलंत तर पहिल्या दोन मिनिटांत कुणाच्या तरी पायाखाली रोप जाईल. चार गट करा. एक गट पेरतो किंवा तण काढतो, दुसरा पाणी घालतो, तिसरा मोजून नोंद करतो, चौथा पानांवरचे किडे शोधून त्यांचं चित्र काढतो. दर आठ मिनिटांनी गट फिरतात. वर्गशिक्षिका एका गटाजवळ आणि तुम्ही खुरप्यांच्या गटाजवळ.

खुरपं हातात आलं की मूल ऐकत नाही, म्हणून सगळ्या सूचना वर्गात बसूनच द्या. खुरपं चालताना टोक खाली, काम नसताना टोक मातीत रोवलेलं, एवढे दोन नियम पुरतात. शेवटची सात मिनिटं आवराआवरीची. ती वाचवायला जाऊ नका. खुरपी धुऊन, मोजून जागेवर ठेवणं हाही शिकवण्याचाच भाग आहे.

मूल चुकीचं करताना दिसलं की आपला हात पुढे जातो. वाकडी ओळ सरळ करावीशी वाटते, दाट पेरलेलं विरळ करावंसं वाटतं. थांबा. दाट पेरलेला मुळा बोटाएवढाही होत नाही, हे मुलांना काढणीच्या दिवशी स्वतःच्या हातात दिसू द्या. मी एकदा मुलं गेल्यावर सगळी ओळ नीट करून ठेवली. पुढच्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "माझं बी इथं होतं, कुणी हलवलं?" त्यानंतर मी मुलांनी लावलेल्याला हात लावलेला नाही.

८. चव घेण्याचा तास

सगळ्यात नाजूक भाग हाच, आणि नवे स्वयंसेवक इथेच घाई करतात.

नवी भाजी मुलाला पहिल्यांदा आवडत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. मुलांच्या खाण्यावर झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की एखादा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, तेव्हा मूल तो आपला मानतं. म्हणजे पहिल्या तासाला कुणी खाल्लं नाही तर तुमचं काही बिघडलेलं नाही. तो आठ-दहांतला पहिला दिवस आहे.

माझ्या वर्गात तीन नियम असतात. नको म्हणायची मुभा सगळ्यांना. दुसरा खात असताना "शी" म्हणायचं नाही. तोंडात घालून आवडलं नाही तर कागदाच्या रुमालात काढून टाकायचं, कुणी काही बोलणार नाही. तिसऱ्या नियमाने खूप फरक पडतो. बाहेर काढता येतं हे कळलं की मुलं आत घालायला धजावतात.

एक मुलगा पालकाच्या पानांना हातच लावायचा नाही. पहिल्या दोन तासांना त्याने फक्त वास घेतला. तिसऱ्यांदा पान ओठाला लावलं. चौथ्यांदा चावून लगेच कागदात काढलं. मी काही बोललो नाही, शाबासकीही दिली नाही, फक्त वहीत नोंद केली. सातव्या की आठव्या आठवड्यात तो मित्राशी गप्पा मारत वाफ्याशी बसला होता. बोलता बोलता त्याने एक पान तोडलं, झारीच्या पाण्याखाली धरलं आणि तोंडात टाकलं. आपण काय केलं हे त्याला कळलंही नसावं.

"हे खा, तब्येतीला चांगलं असतं" असं म्हणू नका. मुलाला ते औषधासारखं ऐकू येतं. त्याऐवजी चवीचे शब्द द्या: तुरट, कडवट, मातकट, उग्र, रसाळ, कुरकुरीत. 'तुरट' हा शब्द कित्येक मुलांनी नुसता ऐकलेला असतो, जिभेवर ओळखलेला नसतो. फळ्यावर शब्द लिहा आणि आजच्या चवीला कोणता लागू पडतो ते ठरवू द्या. आवडलं की नाही हा प्रश्न मग मागे पडतो.

चाखून झालं म्हणून खेळायला जास्त वेळ, चॉकलेट, स्टिकर असलं काही देऊ नका. बक्षीस दिलं की भाजी ही सहन करायची गोष्ट आहे, असाच अर्थ मुलं काढतात.

९. आहाराबद्दल काय सांगायचं, काय टाळायचं

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार फळं आणि भाज्या मिळून रोज किमान इतक्या हव्यात: २ ते ५ वर्षांच्या मुलांना २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्या मुलांना ३५० ग्रॅम, आणि १० वर्षांपुढच्या सगळ्यांना ४०० ग्रॅम. बटाट्यासारखी पिठूळ कंदमुळं यात धरत नाहीत. आकडे पाठ करून घेऊ नका. वर्गात तराजू आणा आणि ३५० ग्रॅमचा ढीग मुलांनाच करू द्या. ढीग बघून आश्चर्य वाटतं, मग तो दिवसभरात कसा वाटायचा यावर चांगली चर्चा होते.

पालक खाल्ला की ताकद येते, असं सांगायचा मोह होतो. पालकात लोह असतं, पण शरीराला त्यातलं थोडंच मिळतं. मोठ्या मुलांना खरी गंमत सांगा: भाजीवर लिंबू पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व वनस्पतींमधलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. गाजरातला नारिंगी रंग शरीरात अ जीवनसत्त्व होतो आणि तो नीट शोषला जायला जेवणात थोडं तेल-तूप लागतं.

आता टाळायच्या गोष्टी. कोणत्याही मुलाच्या डब्याबद्दल बोलू नका, कौतुकानेही नको. डब्यात काय येतं ते मूल ठरवत नाही, आणि घरी काय परवडतं ते आपल्याला माहीत नसतं. पदार्थांना 'चांगलं' आणि 'वाईट' अशी लेबलं लावू नका. वजन, जाड, बारीक हे शब्द वर्गात आणूच नका. एखाद्या मुलाला घरी पुरेसं खायला मिळत नाही असं वाटलं, तर मुलाला न विचारता वर्गशिक्षिकांच्या कानावर शांतपणे घाला.

१०. सुरक्षिततेच्या पाच गोष्टी

"मी सांगितल्याशिवाय बागेतलं काहीही तोंडात घालायचं नाही," हे प्रत्येक तासाला म्हणा. टोमॅटो आणि बटाट्याची पानं विषारी असतात, उन्हात हिरवा पडलेला बटाटाही खायचा नसतो. घेवड्याच्या आणि राजम्याच्या कच्च्या दाण्यांतल्या एका विषारी द्रव्यामुळे उलट्या होतात. भिजवलेला राजमा निदान १० मिनिटं खळखळून उकळला की ते द्रव्य निकामी होतं. म्हणून घेवडा कच्चा कधीच चाखायला देऊ नका.

मातीत काम केल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवायचे. मातीने भरलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

हाताला जखम असेल त्या मुलाला नोंद ठेवणाऱ्या गटात घ्या. स्वतःचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही बघून ठेवा.

पाच वर्षांखालच्या मुलांना गोल फळ अख्खं देऊ नका, उभे चार काप करून द्या. अख्खं फळ घशात अडकू शकतं.

किडींसाठी शाळेत फवारणी नको. मुलं हाताने वेचतात, मोजतात, आणि त्यातून पुष्कळ शिकतात. मावा दिसला की आठवडाभर थांबून बघा, ठिपक्यांचे लेडीबग किडे येतात आणि तो फस्त करतात.

११. सुट्टीचं नियोजन

लांब सुट्टीसाठी दोनच रस्ते आहेत. एक, सुट्टीआधी सगळी काढणी करून वाफे पालापाचोळ्याने जाड झाकून ठेवायचे. दोन, पालकांची पाळी लावायची: एका कुटुंबाला एक आठवडा, पाणी त्यांनी घालायचं आणि त्या आठवड्यात जे पिकेल ते त्यांनी घरी न्यायचं. यादी सुट्टीच्या महिनाभर आधी लावा आणि फाटकाची चावी कुणाकडे असेल ते शिपाईकाकांशी बोलून त्यावरच लिहा. सगळे आठवडे भरले नाहीत तर पहिला रस्ता धरा. अर्धवट भरलेल्या यादीच्या भरवशावर झाडं ठेवू नका.

आणि ती जाड वही. दर तासाला तारीख, काय पेरलं, कधी उगवलं, काय बिघडलं, कोणत्या गटाने काय केलं, हे मुलांच्याच अक्षरात लिहून घ्या. वर्षअखेरीस ती घरी नेऊ नका. वर्गशिक्षिकांच्या कपाटात ठेवा आणि शेवटच्या पानावर नळाच्या चावीची जागा, उरलेल्या बियांची यादी आणि पुढच्या काढणीसाठी ठरवलेली तारीख लिहून ठेवा.